कडेचा वेग

सर निवृत्त झाले तेव्हा कॉलेजनं त्यांना शाल, श्रीफळ आणि एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. घड्याळ त्यांनी घरी नेलंच नाही, प्रयोगशाळेत ठेवून दिलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला नेहमीसारखे विभागात येऊन बसले. शिपायानं विचारलं, "सर, काही राह्यलं का?" तर म्हणाले, "हो. काम राह्यलं."

मला तेव्हा ब्रह्मपुरीच्या त्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायला लागून सहा-सात वर्षं झाली होती. त्याआधी मी तिथंच सरांच्या हाताखाली शिकले. ते वर्गातही आमच्या भागातल्या झाडीबोलीतच बोलत. बाहेरून बदलून आलेले प्राध्यापक मागून हसायचे, पण गुरुत्वाकर्षण त्यांच्याइतकं कुणाला समजावता येत नव्हतं. त्यांचे वडील सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रात मजूर होते. लोंब्यांतले दाणे मोजून कागदावर आकडा लिहायचा, हे त्यांचं जन्मभराचं काम. सर तरुणपणी एका मोठ्या संस्थेत संशोधनाला गेले होते. दोन वर्षांनी आईला अर्धांगवायू झाला म्हणून परत आले, ते पुन्हा गेलेच नाहीत. एवढंच मला माहीत होतं. त्यापुढचं विचारलं की ते तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा टाकायचे आणि खिडकीबाहेर बघायचे.

"तुले पीएचडी करायची हाये ना?" त्या दिवशी ते म्हणाले. "मंग आपन दोघं एक काम करू. आता दुर्बिनीपाशी जाची गरज नाई. मोठमोठ्या दुर्बिनींचा डेटा इंटरनेटवर फुकट भेटते. कोनीही घ्यावा अन् मोजावा."

त्यांच्या डोक्यात होतं ते दीर्घिकांचं कोडं. आपली आकाशगंगा ही अशीच एक दीर्घिका, ताऱ्यांचं आणि वायूचं एक मोठं फिरतं चाक. नियमाप्रमाणं मधल्या भागातले तारे वेगानं फिरायला हवेत आणि कडेचे सावकाश, कारण कडेपर्यंत मधल्या वस्तुमानाची ओढ कमी होत जाते. पण मोजलं तर कडेचे तारे, कडेचा वायू, तेवढ्याच वेगानं पळताना दिसतात. दिसणाऱ्या ताऱ्यांच्या ओढीवर ते टिकायलाच नकोत, केव्हाच फेकले जायला हवेत. म्हणजे न दिसणारं काहीतरी त्यांना धरून आहे. त्याला डार्क मॅटर म्हणतात, मराठीत कृष्णद्रव्य. ते कशाचं बनलंय हे कुणालाच माहीत नाही. जमिनीखाली खोल खाणींत उपकरणं लावून लोक वर्षानुवर्षं वाट बघत बसलेत, एक कणसुद्धा हाती लागलेला नाही. काहीजण म्हणतात, असं द्रव्यच नाही, गुरुत्वाकर्षणाचा नियमच चुकीचा आहे.

सरांना एक अशी दीर्घिका हवी होती जिच्या कडेचा वेग कमी होतो.

"नियमच चुकीचा असन तं तो समद्यायले सारखाच लागू होईन," ते म्हणायचे. "पन एखाद्या दीर्घिकेत डार्क मॅटर नाईच असं दिसलं, तं ती खरी वस्तू हाये. जे कुठी असते अन् कुठी नसते, ते खरं असते."

आम्ही दोन वर्षं शोधलं. मी सकाळी तास घ्यायचे, दुपारी दोघं संगणकावर बसायचो. लाइट जायची, चालू असलेलं गणित अर्ध्यात मरायचं, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी एक लहानशी दीर्घिका सापडली. तिला नाव नव्हतं, फक्त एक लांबलचक क्रमांक. आम्ही तिच्यातल्या हायड्रोजनचा वेग मधून कडेपर्यंत मोजला. मधे वेग चढला आणि कडेकडे जाताना उतरत गेला. पुस्तकात असतो तसा. सरांनी आलेखाचा कागद प्रिंटरमधून काढला आणि उभ्या उभ्याच बराच वेळ हातात धरला. मग शिपायाला चहा सांगितला, त्यालाही बसवून पाजला.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती सांगते.

दीर्घिका आपल्याला सरळ समोरून दिसत नाही, कमीजास्त कललेली दिसते. हातात ताट धरावं तशी. तिरपं धरलेलं ताट फिरलं तर त्याची एक बाजू आपल्याकडे येते, दुसरी दूर जाते, आणि दुर्बिणीला एवढंच मोजता येतं. ताट सरळ समोर धरून फिरवलं तर कितीही वेगानं फिरो, आपल्याला त्याचा वेग कळतच नाही. म्हणून आधी कल मोजावा लागतो, मग त्यावरून खरा वेग काढावा लागतो. आणि कधी कधी ताटाची कड वाकलेली असते. मधला भाग एका कलात, कड दुसऱ्या. तेव्हा एकाबाहेर एक गोल कडी कल्पून प्रत्येक कड्याचा कल वेगवेगळा मोजायचा असतो.

आमच्या दीर्घिकेची कड फार फिकट होती. तिथला कल मोजणं किचकट काम होतं आणि ते माझ्याकडे होतं. धानाच्या रोवणीचे, लावणीचे दिवस होते. मी नागभीडजवळ माहेरी गेले होते, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि घरात रोवणाऱ्या बायांचा स्वयंपाक करायला कुणी नव्हतं. लॅपटॉप सोबत नेला होता. एका दुपारी गणित लावलं आणि लाइट गेली. दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी सरांचा फोन आला.

"पेपर आज पाठवू म्हनतो. कडेचा कल वेगळा मोजला का?"

मी बांधीच्या, म्हणजे धानाच्या शेताच्या, धुऱ्यावर उभी होते, हातात बायांच्या जेवणाची टोपली होती. म्हटलं, "मोजला, सर. सारखाच आहे."

मला वाटलं, घरी गेल्यावर मोजू. फरक काय पडणार आहे.

पेपर गेला. परीक्षकाचे शेरे आले, त्यात चौथा मुद्दा तोच होता: कड वाकलेली नाही याची लेखकांनी खात्री केली आहे का? उत्तर मीच लिहिलं. खात्री केली आहे, असं लिहिलं. तोवर दिवाळी आली होती, परीक्षेचे पेपर तपासायचे होते, आणि एकदा हो म्हटल्यावर मागे जाऊन बघायची मला भीती वाटायला लागली होती. ती भीती आहे हेसुद्धा मी स्वतःशी मान्य केलं नव्हतं.

पेपर छापून आला. नागपूरच्या वर्तमानपत्रात आमचा फोटो आला. प्राचार्यांनी सभागृहात सत्कार ठेवला. सरांच्या पत्नी, आम्ही त्यांना काकू म्हणतो, नवी नऊवारी नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. सरांना बोलायला सांगितलं तेव्हा ते माइकपुढं उभे राहिले आणि म्हणाले, "तोंडात फोड झाला हाये, जास्त बोलता येत नाई. हे काम या पोरीचं हाये." आणि खाली बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तो फोड नव्हता.

नागपूरला ऑपरेशन झालं. अर्धा जबडा आणि जीभ काढली. आमच्या भागात खर्र्यापायी असं झालेली माणसं प्रत्येक गावात आहेत, त्यांना बघून आम्ही नजर वळवतो. सर सिंदेवाहीजवळच्या आपल्या गावी परत गेले. नाकातून नळी होती, तिच्यातून पातळ पेज द्यायची. बोलणं संपलं. काकूंनी आठवडी बाजारातून मुलांची पाटी आणि पेन्सिलीचा डबा आणला. सर पाटीवर लिहायचे, समोरच्यानं वाचलं की फडक्यानं पुसायचे.

मी दर रविवारी जायचे. ब्रह्मपुरीहून काळीपिवळी जीप, पुढं बस, मग गावापर्यंत जंगलातला तीन किलोमीटरचा रस्ता. वाघाची भीती असल्यानं तिथं कुणी एकटं चालत नव्हतं. दुधाच्या गाडीची वाट बघायची आणि तिच्या मागं बसायचं. सर पाटीवर लिहायचे, "नवीन काय?" मी जगात कुठं काय चाललंय ते सांगायचे. बटू दीर्घिकांच्या मध्यभागी कृष्णद्रव्य गणितापेक्षा पातळ का दिसतं. मोठ्या दीर्घिकेभोवती जेवढ्या लहान दिसायला हव्या तेवढ्या का दिसत नाहीत. सर डोळे मिटून ऐकायचे, मधूनच बोट वर करायचे. म्हणजे, थांब, पुन्हा सांग.

आजार पुन्हा उलटला. दुसरं ऑपरेशन करता येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं त्याच महिन्यात आमच्या दीर्घिकेचा नवा डेटा उघड झाला. दुसऱ्या कुठल्याशा मोठ्या दुर्बिणीनं घेतलेला, आमच्याहून कितीतरी स्वच्छ. सरांना खूश करावं म्हणून मी तो उतरवून घेतला. एक शनिवार पूर्ण बसून कड्यामागून कडं मोजत गेले.

कड वाकलेली होती. चांगली वाकलेली, आपल्याकडे सरळ तोंड करून. म्हणून तिथला वेग कमी दिसत होता. योग्य कल घातला तर कडेचा वेग कुठंच उतरत नव्हता. इतर सगळ्या दीर्घिकांसारखाच सपाट जात होता. कृष्णद्रव्य तिच्यातही होतं, जेवढं सगळीकडे असतं तेवढंच.

मी पुन्हा मोजलं. मग जुना डेटा काढला आणि जे रोवणीच्या दिवसांत करायचं होतं ते केलं. जुन्या, फिकट डेटातही ते दिसत होतं. पुसट, पण बघणाऱ्याला दिसलंच असतं.

घरी नवऱ्याला सांगितलं. ते प्राथमिक शाळेत शिक्षक आहेत, मऊ माणूस. म्हणाले, "आता कायले सांगतेस त्यायले? मानूस जाऊन राह्यला. जाऊ दे ना समाधानानं. मंग करजो जे करायचं ते."

मला ते पटलं. पटवून घेतलं. तीन रविवार मी गेले आणि काही बोलले नाही. तिसऱ्या रविवारी सरांनी लिहिलं, "आपल्या दीर्घिकेचा नवा डेटा येनार होता. आला का?" मी म्हटलं, "अजून नाही, सर." हे दुसरं खोटं. पहिलं मी विचार न करता बोलले होते, हे विचार करून.

त्यानंतर तीन दिवस झोप अशी लागलीच नाही. बुधवारी रजा टाकली आणि सगळे आलेख घेऊन पुन्हा निघाले.

दुपारचे बारा-एक वाजले असतील. धानाची चुरणी, म्हणजे मळणी, आटोपली होती, अंगणात तणसाचा, पेंढ्याचा ढीग होता. सर सपरीत, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, खाटेवर उशीला टेकून बसले होते. आडवारी मला बघून त्यांनी भुवया वर केल्या. काकू आत पेज गाळत होत्या.

मी कागद त्यांच्या मांडीवर ठेवले. म्हटलं, "सर, कड वाकलेली आहे."

त्यांनी भिंग मागितलं. एकेक आलेख त्यांनी भिंगाखाली धरला. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मधे एकदा पेन्सिलीनं एका बिंदूवर टिचकी मारली, मी त्याचं गणित दाखवलं, त्यांनी मान हलवली. मग पाटी घेतली.

"बरोबर आहे."

पुसलं. पुन्हा लिहिलं.

"तू मोजला म्हनली होतीस."

"हो, सर. मोजला नव्हता."

त्यांनी पाटी पुसली आणि कारण विचारायला फक्त एकच शब्द लिहिला. "काऊन?"

मी कितीतरी उत्तरं मनात तयार करून आले होते. म्हटलं, "लाइट गेली होती." ते शब्द ऐकताना मलाच इतकी लाज वाटली की मी खाटेच्या पायाकडे बघत राहिले.

"कधी समजलं?"

"तीन आठवडे झाले."

तेव्हा त्यांना राग आला. तोवर आला नव्हता. उरलेल्या अर्ध्या चेहऱ्यावर तो दिसला आणि घशातून एक आवाज निघाला. काकू धावत बाहेर आल्या. सरांनी पाटीवर जोरात लिहिलं, पेन्सिल तुटली, दुसरी घेतली. "तीन आठवडे? लोकं आपला आकडा वापरून राह्यले असतील."

काकूंनी वाचलं. "काय झालं? काय सांगतलं तू त्यायले?"

मी सांगितलं. जेवढं सोप्या शब्दांत सांगता आलं तेवढं. की पेपर चुकीचा होता, की चूक माझी होती.

सर लिहीत होते. "पत्र लिही. आत्ता. इथी बसून."

मी लॅपटॉप उघडला आणि त्या नियतकालिकाच्या संपादकांना पत्र लिहिलं. सरांना दाखवलं. मी लिहिलं होतं की नवीन निरीक्षणांवरून असं लक्षात आलं. त्यांनी ते वाक्य बोटानं खोडल्यासारखं केलं. पाटीवर लिहिलं, "परीक्षकाले खात्री केली म्हनून सांगतलं होतं. केली नव्हती. तसंच लिही." मी तसं लिहिलं, आणि ही चूक पहिल्या लेखिकेची, म्हणजे माझी, आहे असंही घातलं. तेही त्यांना चाललं नाही. 'आम्ही' घाल, अशी खूण केली.

"पण सर, तुम्हाला तर मी सांगितलं होतं की..."

"नाव दोघाचं आहे. मी तुहा शब्द धरला, पाह्यलं नाई. दोघाचं चुकलं."

मोबाइलला रेंज नव्हती. जागा दाखव म्हणून सरांनी काकूंकडे बघितलं, काकूंनी तोंड फिरवलं. मग मी घराच्या मागं, बोडीच्या पाळीवर चढले. त्या लहान तळ्याच्या पाळीवर एका ठिकाणी रेंज यायची. तिथून पत्र गेलं. परत येऊन सांगितलं, "गेलं, सर." त्यांनी मान हलवली, पाटी उशाला ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

संध्याकाळची पेज त्यांनी घेतली नाही. दुसऱ्या दिवशीची पण नाही, असं मला नंतर कळलं. नळीला हात लावू देत नव्हते. दुखत होतं म्हणून, की मन उठलं होतं म्हणून, हे कुणी सांगू शकत नाही. डॉक्टर म्हणाले, या टप्प्यावर असं होतंच. पुढच्या रविवारी गेले तेव्हा काकू दारात उभ्या राहिल्या.

"झोपले हायेत," म्हणाल्या. मग आवाज न चढवता म्हणाल्या, "चार दिवस थांबली असतीस तं तुहं काय गेलं असतं, बाई? खूश होते ते. पेपरात आलेला तो भिंतीवरचा फोटो रोज पाहेत. आता पाहत नाईत."

मी अंगणातूनच परतले. दुधाची गाडी यायला दोन तास होते. मी रस्त्याच्या कडेला मोहाच्या झाडाखाली बसून राहिले. येणारी-जाणारी माणसं म्हणाली, बाई, इथी एकटी बसू नका, परवा इथीच वाघाचे पगमार्क दिसले. मी हो हो म्हटलं आणि बसून राहिले.

शुक्रवारी सर गेले. नदीवर खूप माणसं होती, सगळी त्यांची मुलं, माझ्यासारखी. त्यांच्यातल्या कुणालाच काही माहीत नव्हतं. दोघं-तिघं मला म्हणाले, "तुमच्यामुळं सरांचं राहिलेलं काम पूर्ण झालं." मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, दुःखानं.

महिन्याभरानं आमचं पत्र छापून आलं, पेपर मागं घेतल्याची टीप त्याखाली. कॉलेजात कुणी ती वाचली नाही. मी प्राचार्यांना स्वतः जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, विज्ञानात असं चालतंच. कशाला चर्चा करता?" एकच इमेल आलं, लांबच्या एका देशातून. तिथली एक संशोधक मुलगी होती. तिनं लिहिलं होतं की माझ्या प्रबंधाचा अर्धा भाग तुमच्या दीर्घिकेवर उभा आहे, आता काय करू ते कळत नाही. मी आठवडाभर उत्तर लिहून खोडत राहिले. शेवटी सगळा डेटा, नवा आणि जुना, कड्याकड्याचे कल, तिला पाठवून दिले आणि खाली लिहिलं, माफ करा. तिचं पुन्हा काही आलं नाही. पीएचडीचं मी पुढं नेलं नाही. विद्यापीठाची पत्रं येत राहिली, मग बंद झाली.

वर्गात हा भाग आला की मी अजून शिकवते. परवा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, मंग आहे तरी काय ते?" मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, "कोनालेच?" कुणालाच. ती वहीत काहीतरी लिहीत होती, काय ते कोण जाणे.

काकू त्यानंतर मला एकदाच भेटल्या, गेल्या उन्हाळ्यात. मी नागभीडच्या स्टेशनवर भावाला सोडायला गेले होते. त्याची गाडी गेल्यावर पाहिलं तर फलाटाच्या टोकाला, नळाजवळ, काकू दोन पिशव्या घेऊन बसलेल्या. मुलीकडे गोंदियाला निघाल्या होत्या, कायमच्या. घराला कुलूप लावलं म्हणाल्या, वानरं कौलं ठेवत नाहीत.

मी शेजारी बसले. मग मी विचारलं, "काकू, मी तेव्हा यायला नको होतं का?"

त्यांनी पदरानं मान पुसली. ऊन फार होतं. म्हणाल्या, "नोको होतं."

मी त्यांची कलंडलेली पिशवी सरळ केली.

"ते म्हनत, खोटं नाई चालत. मले मालूम हाये. चाळीस वर्सं त्यायच्यासंगं काढली." त्या रुळांकडे बघत होत्या. "पन मले ते दहा दिवस पाह्यजे होते. पेज पिऊन, फोटो पाहून बसले असते सपरीत. तेवढंच. मंग सांगाचं होतं समद्या दुनियेले."

मी तीन आठवडे थांबले हे सरांना खपलं नाही आणि पुढं थांबले नाही हे काकूंना. दोघांचंही मला बरोबर वाटतं, आणि त्यामुळं मला कधीच बरं वाटत नाही.

गाडी आली. गर्दी होती. मी पिशव्या उचलून आत नेल्या, एका बाईला सरकायला सांगून काकूंना खिडकीपाशी जागा करून दिली, पाण्याची बाटली भरून आणली. काकूंनी ती घेतली, झाकण घट्ट आहे का बघितलं आणि मांडीवर ठेवली. "जा आता," म्हणाल्या. मी उतरले. गाडी हलली तेव्हा त्या समोर बघत होत्या.